तंबाखू लागलीच नव्हती

माझी छाती पहिल्यांदा धडधडली ती वखारीत, भर हंगामात. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. हेच जर स्वयंपाकघरात झालं असतं, तर मी कितीतरी आधी बरी झाले असते.

निपाणीत वखार म्हणजे तंबाखूची. दुसऱ्या कशाची वखार असते हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. आमची वखार माझ्या वडिलांची आणि मी त्यांची एकुलती एक. ते गेल्यावर ती कोणी बघायची असा प्रश्नच आला नाही. माझे यजमान शाळामास्तर. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांना तंबाखूचा वास आला तरी शिंका येतात. तेव्हा शेतकऱ्यांचा माल पारखून घ्यायचा, बायकांकडून चाळून चुरा, काडी आणि खकाणा, म्हणजे बारीक भुकटी, वेगळी करायची आणि बिडीवाल्यांना विकायचा, हे काम माझंच झालं आणि वखारीतल्या बायकांची मी आक्का झाले. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं.

त्या दिवशी चाळण चालू होती. खकाण्याची धूळ हवेत भरली होती. मी हौसाक्काला, म्हणजे आमच्या बायकांच्या म्होरकीला, काहीतरी सांगत होते आणि मधेच छाती धडधडायला लागली. हात गार पडले, अंगाला घाम सुटला, श्वास पुरेना. आता आपण या पोत्यांवरच मरणार, याबद्दल मला जराही शंका वाटली नाही. हौसाक्कानं मला बाहेर ओट्यावर बसवलं, तोंडाकडे एकदा पाहिलं आणि निदान करून टाकलं.

"आक्काला तंबाखू लागली."

नव्या मजुराला, वासाची सवय नसलेल्या माणसाला तंबाखू लागते. गरगरतं, घाम येतो, उलटी होते. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि त्यावर गुळाचं पाणी देतात हेही. मला गुळाचं पाणी दिलं. थोड्या वेळानं बरं वाटलं. म्हणजे तंबाखूच लागली होती, हे सिद्ध झालं. जी बाई रांगायला लागली तीच पोत्यांवर, तिला बेचाळिसाव्या वर्षी तंबाखू कशी लागेल, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मिश्रीचं भांडण

मग पुन्हा आलं, वखारीतच. मग वखारीच्या दाराशी. मग गल्लीत. मी तंबाखूपासून लांब राहायचं ठरवलं. निपाणीत असं ठरवणं म्हणजे मासळीबाजारात बसून माशांपासून लांब राहण्यासारखं आहे. तंबाखू गाडीवर, तंबाखू खिशात, तंबाखू शेजाऱ्याच्या तोंडात. एकेक करत मी रस्ता सोडला, बाजार सोडला, वखार तर सोडलीच. घरात बसले. पदराला गुळाचा खडा बांधलेला आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं.

घरात तरी तंबाखू नव्हती का? होती. माझ्या सासूबाई मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, दातांना. पन्नास वर्षांची सवय. आधी मी त्यांना परसात बसवलं. मग म्हटलं, "आत्या, मिश्री बंदच करा."

"का गं शालन? तुझा जीव माझ्या मिश्रीत अडकलाय व्हय?"

"मला त्रास होतोय."

"तुझ्या बापानं तंबाखूवर तुझं लगीन करून दिलं. तवा न्हाय झाला तरास."

त्यांनी कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि उचगावला लेकीकडे निघून गेल्या. मास्तर मला काही बोलले नाहीत. ते हळू आवाजात बोलायला लागले, चहा स्वतः करायला लागले, आणि आपण आजारी आहोत हे मला त्यावरूनच पटलं. त्या उन्हाळ्यानंतर आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सगळी गल्ली रेडिओभोवती ओरडत होती आणि मी दार लावून नाडी धरून बसले होते.

दिवाळीच्या सुमारास मास्तर म्हणाले, "चिक्कोडीकडचे एक अण्णा वखार भाड्यानं मागताहेत. नवा माल यायच्या आत ठरवायला हवं."

मी हो म्हटलं नाही. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? वखारीत पाय ठेवता येत नाही ती बाई वखार चालवणार कशी? ती गेली असती तर मला दुसरं काही येत नाही, आणि यावं असंही कधी वाटलं नाही.

हृदय ठीक आहे ही वाईट बातमी

भाड्याची बोलणी करण्याआधी छाती एकदा बेळगावला दाखवून यायची, एवढं मात्र मास्तरांनी हट्टानं करून घेतलं. एसटीत खिडकी धरून, नाकाला टॉवेल लावून आणि तोंडात गूळ ठेवून मी तवंदीचा घाट ओलांडला.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून लांबलचक पट्टी काढली. ती बघून म्हणाले, "बाई, हृदय उत्तम आहे."

मला राग आला. ज्याला झालं नसेल त्याला हा राग कळणार नाही. एवढे महिने मरणाच्या दारात बसायचं आणि हा माणूस म्हणतो उत्तम.

"मला तंबाखू लागते," मी सांगितलं.

"खाता?"

"नाही."

"ओढता?"

मी नुसतं पाहिलं. ते हसले. "मग तिच्यातच वाढलेल्या बाईला ती कशी लागेल? हे भीतीचे झटके आहेत."

"भीती? मी पोत्यांच्या थप्पीवर चढून साप मारलाय."

"म्हणजे सापाची नाही. वरच्या मजल्यावर मॅडम आहेत. कशाची ते त्या शोधतील." झोपेसाठी त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्याही दिल्या. त्यांचा उपयोग झाला, ते नाकारत नाही.

वरच्या मजल्यावर एकाच बाकावर दोन विभागांचे पेशंट बसवत. एका दारातून डोळ्यांचे जायचे, दुसऱ्यातून मनाचे. माझ्या शेजारी सदलग्याच्या एक बाई होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. त्यांनीच आधी विचारलं, "कशासाठी आलायसा?"

"डोळे," मी म्हटलं.

"मी बी डोळंच."

आम्ही दोघी मोतीबिंदूवर बराच वेळ बोललो. मग मनाच्या दारातून त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या, माझ्याकडे न बघता गेल्या, आणि त्यांच्यामागून त्याच दारातून माझं नाव पुकारलं. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवली होती. "या, काय म्हंतेत डोळं?" म्हणाल्या. तेव्हा इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा पोटभर हसले.

मॅडम

मॅडम धारवाडच्या, बेंगळूरला शिकून आलेल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला बरं वाटावं म्हणून त्या मराठी बोलायच्या आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी कन्नड. दोघींनाही दुसरीची भाषा अर्धीच यायची, आणि त्यांच्या मराठीत कन्नडचं 'री', म्हणजे आपलं 'हो', मधेच डोकवायचं. तरी कोणी मागं हटलं नाही.

मला वाटलं होतं, त्या बालपण विचारतील. त्यांनी शेवटचा झटका विचारला.

"ते धडधड सुरू झालं री, तवा मनात काय आलं?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतंय. एक वाक्य येतंय. पटकन येतंय आन पळतंय. पकडा."

मी आठवून पाहिलं. "तंबाखू लागली, असं आलं."

"मग?"

"मग चक्कर येणार. पडणार. मरणार."

"आतापर्यंत किती वेळा पडला?"

"एकदाही नाही."

"मेला?"

"मॅडम, काहीतरीच."

"मी फक्त विचारते री."

पहिला उपाय एवढाच. झटका आला की ते वाक्य पकडायचं आणि त्याला पुरावा मागायचा. खरं असेल तर ठेवायचं, नसेल तर दुसरं, जास्त खरं वाक्य शोधायचं. चांगलं वाक्य नव्हे, खरं. 'मला काही होणार नाही' असं म्हणून चालायचं नाही, कारण ते मलाच पटायचं नाही. 'हे आधीही असंच आलं होतं आणि असंच गेलं होतं' हे चालायचं, कारण ते घडलेलं होतं. मॅडमना हे सगळं लिहून हवं होतं. मला लिहिण्याचा कंटाळा. म्हणून मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं वाक्य सांगायची आणि मास्तर माजघरातून विचारायचे, "पुरावा?" मला प्रश्न विचारायची परवानगी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती. ते खूष होते. हळू आवाजात बोलायचं विसरून गेले.

एकदा मॅडमनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी सांगितलं, पोत्याच्या तोंडाशी दिसेल त्या मालावर भाव करायचा नाही. वर सगळेच चांगला माल ठेवतात. कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ काढायची.

"तर मग घालू या हात," त्या म्हणाल्या. "वखारीत पडलात. मग काय?"

"बायका बघतील."

"बघितलं तर?"

"आक्काचं संपलं म्हणतील."

"म्हटलं तर?"

मग माझ्या तोंडून निघालं, "बापानं दिलेली वखार पोरीला राखता आली नाही, असं होईल."

मरणाच्या भीतीखाली हे निघालं. ते माझं मलाच नवीन होतं. मी पाणी मागितलं.

आणखी एके दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवून भराभर, जोरजोरात श्वास घ्यायला लावला. थोड्याच वेळात गरगरायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, छाती धडधडली. हुबेहूब तेच. मॅडमनी थांबवलं आणि खोलीभर नजर फिरवली. "इथं तंबाखू कुठं आहे री?"

मी चिडले होते आणि मला हसूही येत होतं. तंबाखू नव्हतीच. घाबरून मी श्वास ओढायची, श्वासानं गरगरायचं आणि गरगरलं की आणखी घाबरायची. बैल घाण्याला जुंपल्यासारखं.

"आता गूळ आन टॉवेल द्या इकडं," त्या म्हणाल्या.

गूळ देणं सगळ्यात अवघड गेलं. पदराची गाठ मी दोनदा सोडली आणि दोनदा परत बांधली. परतीच्या एसटीत, घाटातच, झटका आला. गूळ नाही, टॉवेल नाही. मास्तर शेजारी पेपर वाचत होते आणि त्यांना सांगायचं नाही असं मॅडमशी ठरलं होतं. झटका चढला, वर जाऊन थांबला आणि उतरला. आपला आपण. इतके दिवस त्याचं श्रेय फुकट गुळाला जात होतं.

त्यानंतर उचगावला जाऊन मी सासूबाईंना घेऊन आले. त्या म्हणाल्या, "मिश्री घेऊन यीन." म्हटलं, "या. माझ्यासमोर बसून लावा." त्या लावत असायच्या आणि मी समोर बसून भाजी निवडायची. औषध म्हणून सुनेनं सासूसमोर बसण्याची ही आमच्या गल्लीतली पहिलीच वेळ असावी.

वखारीत

गल्ली झाली, बाजार झाला. वखार राहिली. नवा माल यायला सुरुवात झाली होती, हौसाक्का जमेल तसं रेटत होती आणि चिक्कोडीचे अण्णा पुढच्या आठवड्यात पक्कं करायला येणार होते. मॅडम म्हणाल्या, पहिल्या वेळी मी बरोबर येते. एका सुटीच्या दिवशी त्या खरोखरच एसटीतून उतरल्या. इस्त्रीची साडी, हातात छत्री.

आत जाण्याआधी त्यांनी ओट्यावरच मला माझं भाकीत सांगायला लावलं. मी सांगितलं. मी पडेन. मला उचलून आणावं लागेल. बायका हसतील.

आत गेलो. चाळण जोरात चालू होती. दोन्ही बाजूंनी खकाणा उडत होता. माझी छाती लागलीच धडधडायला लागली. "येऊ दे," मॅडम म्हणाल्या, "पळायचं नाही. उभं राहायचं." मी उभी राहिले. त्याही उभ्या राहिल्या. धडधड वाढत गेली. मी जमिनीकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की मॅडम आता काहीच बोलत नाहीत.

वर पाहिलं तर त्यांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा झालेला.

"शालनबाई," त्या म्हणाल्या, "मला कसंतरी..."

हौसाक्कानं चाळणी खाली ठेवली. "ह्या बाईला तंबाखू लागली."

या वेळी निदान बरोबर होतं. मी मॅडमना काखेत हात घालून धरलं, ओट्यावर आणलं, डोकं धरलं. त्यांची सकाळची इडली गटारीत गेली. बायका बाहेर आल्या आणि हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्याच. एकीला ताकाला पिटाळलं, एकीला वारा घालायला लावलं आणि मॅडमना आमच्या घरी नेऊन निजवलं. संध्याकाळपर्यंत त्यांना मान वर करता येईना. गुळाचं पाणी दिलं, तेही गेलं. सासूबाई उशाशी बसून म्हणत होत्या, "डाक्टरीण हाय म्हणं. हिला कोण बघतंय?"

डोळे न उघडताच मॅडमनी मला विचारलं, "काय शिकलात?"

काय पण बाई. मी म्हटलं, "खरी तंबाखू लागते ती अशी. ती चढून उतरत नाही, मुक्काम करते. मला ती कधीच लागली नव्हती."

"आन भाकीत?"

"पडलात तुम्ही. उचललं तुम्हाला. हसल्या तुम्हाला."

"आन तुमची छाती?"

मला आठवेना. ती धडधड कधी थांबली ते मला कळलंच नव्हतं. तिच्याकडे बघायला सवड कुठं होती?

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. मॅडमनी जाताना एक काम सांगून ठेवलं होतं. दुसऱ्यांच्या मनात काय आहे ते आपण ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. मी हौसाक्काला विचारलं, "इतके दिवस मी आले नाही, तुम्हाला काय वाटलं?"

"वाटायचं काय? मास्तर घरात च्या करून देतोय, आक्कानं नशीब काढलं म्हणत हुतो."

"आक्काचं संपलं, असं कोणी म्हणालं नाही?"

"असं म्हणाया येळ कुणाला हाय? माल बघ की आधी, लई काडी हाय ह्यात."

ज्यांना हे होतं त्यांच्यासाठी

आधी हृदय तपासून घ्या. ते सोडून नुसता विचारांचा नाद करू नका. डॉक्टर ठीक म्हणाले की त्यांच्यावर रागवा, पण विश्वास ठेवा. आणि ज्याच्या आधारानं आपण वाचलो असं वाटतं, तो गूळ, ती नाडी, ते दार, एकेक करून सोडून बघा. घाई नको. एकदम सगळं सोडायला गेलं की माणूस परत खोलीत जाऊन बसतो. मला अजूनही कधीतरी झटका येतो. पाहुणा आला म्हणून घर सोडून कोणी जात नाही, तशी मी जात नाही. सदलग्याच्या बाई आता एकट्या बसनं माहेरी जातात. बेळगावात भेटलो की आम्ही मिठाईवाल्याकडे कुंदा खातो आणि एकमेकींचे डोळे विचारतो.

अण्णा आले

ठरल्याप्रमाणे चिक्कोडीचे अण्णा आले. मला अजून पुरता भरवसा नव्हता. एक दिवस वखारीत गेलं म्हणजे हंगाम निघाला असं होत नाही. मी मास्तरांना सांगितलं होतं, बोलणं वखारीतच करू. जमलं तर ठेवू, नाही तर देऊन टाकू.

अण्णा मोठा माणूस. पांढरं धोतर, जाड आवाज. चहा आला. त्यांनी भाड्याचा आकडा सांगितला आणि त्याच वेळी माझी छाती सुरू झाली. इतकी जोरात ती बऱ्याच दिवसांत धडधडली नव्हती. तोंड कोरडं पडलं. वाक्य आलंच, 'ह्यांना दिसणार, आता सगळं दिसणार.' पकडलं. पुरावा? ते मागायला जीभ हलत नव्हती. मी पळाले नाही आणि झटका दाबलाही नाही. पोत्यावर हात ठेवून अण्णांच्या तोंडाकडे बघत बसले.

अण्णा थोडं थांबले. मग आकडा वाढवला.

मी गप्प.

"बरं बाई, कौलं मी बदलून देतो. पुढच्या पावसाच्या आत."

मी गप्पच. माझ्या कानात धप धप एवढंच ऐकू येत होतं. मास्तर नाकावर रुमाल धरून एकदा माझ्याकडे आणि एकदा अण्णांकडे बघत होते. त्यांना कळलं होतं.

अण्णांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "तुमच्या बायकास्नी बी मीच ठेवून घेतो. एकीला बी काढणार न्हाय. आता तरी बोला की."

तोवर झटका उतरायला लागला होता. मी एक घोट चहा घेतला. आवाज येतो का ते बघितलं. आला.

"अण्णा, वखार द्यायची नाही. तुम्हाला उगाच खेप पडली, माफ करा. कौलांचं मात्र बरोबर सांगितलंत, ती बदलायला हवीत."

अण्णा उठले, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन मास्तरांना म्हणाले, "मास्तर, चाळीस वरसं तंबाखूत हाय मी. समोरच्याला एक शब्द न बोलता असा घाम फोडणारी बाई पयल्यांदा बघितली. हिच्या काळजात दगड हाय का काय?"

"डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे," मास्तर म्हणाले. मग त्यांना हसू आवरेना म्हणून ते पोत्यांच्या मागं गेले, आणि तिथं त्यांना शिंका सुटल्या.

दारात मालाची गाडी येऊन उभी होती. मी हौसाक्काला चाळण्या मांडायला सांगितलं आणि गाडीकडे गेले.